नवी प्रेल्यूड: नाराज व्हायचंच तर नेमकं कशावर?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००१ मध्ये बंद पडलेली प्रेल्यूड ही कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, होंडाने एवढ्या वर्षांनी परत आणली, आणि प्रत्यक्षात निघाली ती २०० हॉर्सपॉवरची हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी एकत्र असलेली), मॅन्युअल गिअर नाही, किंमत अमेरिकेत ४२ हजार डॉलरपासून पुढे. हिला प्रेल्यूड म्हणायचं का, आणि घ्यावी की नाही, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक होंडाप्रेमींनी तर "विश्वासघात" म्हणून विषय मिटवून टाकलाय. मी पाचव्या, म्हणजे जुन्यांतल्या शेवटच्या पिढीची प्रेल्यूड बरीच वर्षं चालवली आहे आणि त्या गाडीवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निराश मीही आहे. पण जी कारणं सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितली जातात, त्यातली निम्मी तपासून पाहिली तर टिकत नाहीत. आणि खरं दुखणं आहे त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी ताकदीचं बघू. "२०२५ मध्ये फक्त २०० हॉर्सपॉवर?" हा पहिला आक्षेप. १९९९ ते २००१ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवटच्या प्रेल्यूडची ताकदही २०० हॉर्सपॉवरच होती, आणि तीही ७,००० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना). टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, २१२ न्यूटन-मीटरच्या आसपास. नवीचा टॉर्क ३१५ आहे आणि तो मोटारचा असल्यामुळे जागेवरून मिळतो. जुनीचं २.२ लिटरचं व्हीटेक इंजिन (वेग चढला की व्हॉल्व्ह जास्त उघडणारं) पाच हजार आरपीएमच्या पुढे गेलं की अंगात आल्यासारखं धावायचं, तो आवाज आजही कानात आहे. पण त्याखाली, गर्दीच्या रस्त्यावर, ती चारचौघींसारखीच गाडी होती. नवीचं वजन शंभरेक किलोने वाढलंय हे खरं, तरी रोजच्या वापरात जुनी तिला मागे टाकेल असं मला वाटत नाही.

शिवाय प्रेल्यूड होंडाची सर्वात वेगवान गाडी कधीच नव्हती. नव्वदच्या दशकात तो मान एनएसएक्स या स्पोर्ट्स कारचा होता, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्यांमध्ये इंटेग्रा टाइप आरचा. प्रेल्यूड ही लांबच्या प्रवासाला न थकवणारी, वळणावर मजा देणारी, जरा रुबाबदार कूपे होती. तिला सिव्हिक टाइप आर या होंडाच्या आजच्या वेगवान गाडीच्या ३१५ हॉर्सपॉवरशी तोलून नापास करणं दोन्ही गाड्यांवर अन्याय आहे.

आता मॅन्युअलचा मुद्दा. हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, आणि इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. लोक असं बोलतात की जणू होंडाने कंजूषपणा करून गिअरबॉक्स काढून टाकला. या हायब्रिडमध्ये नेहमीच्या अर्थाचा गिअरबॉक्स मुळात नाहीच. दोन मोटारी आहेत. बहुतेक वेळ २ लिटरचं इंजिन एका मोटारीला जनरेटर म्हणून फिरवतं, आणि त्या विजेवर दुसरी मोटार चाकं फिरवते. हायवेच्या वेगाला एक क्लच लागतो आणि इंजिन एकाच ठरावीक रेशोने थेट चाकांना जोडलं जातं. बस, एवढंच. यात क्लच पेडल आणि सहा गिअर बसवायचे कुठे? मॅन्युअल प्रेल्यूड मागणं म्हणजे वेगळ्या इंजिनाची, वेगळी गाडी मागणं. ती जरूर मागावी, पण आपण नेमकं काय मागतोय हे माहीत असू द्यावं.

होंडाने हायब्रिडला मॅन्युअल दिलाच नाही असंही नाही. २०१० ची सीआर-झी ही छोटी हायब्रिड कूपे आठवते? तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक पातळ मोटार होती, त्यामुळे सहा गिअरचा मॅन्युअल सहज बसला. पण तेव्हा सगळ्यांनी तिला होंडाच्याच जुन्या, हलक्या सीआर-एक्सशी तोललं, जड आणि मंद ठरवलं, आणि विकत घ्यायची वेळ आली तेव्हा पाठ फिरवली. गाडी गेली. तिला वेग कमी होता, ही तक्रार रास्तच होती. पण होंडाने त्यातून काय धडा घेतला असेल? हायब्रिड कूपेला मॅन्युअल देऊन चाहते खूश होत नाहीत, हाच.

मग माझी नाराजी कशावर? सांगतो.

आधीच्या पिढ्यांत प्रेल्यूडने काहीतरी असं दिलं जे दुसऱ्या गाडीत सहसा सापडत नव्हतं, आणि ते लोखंडात घडवलेलं होतं. १९८७ च्या तिसऱ्या पिढीचं फोर-व्हील स्टिअरिंग घ्या. त्यात कॉम्प्युटर नव्हता. पुढच्या स्टिअरिंग रॅकमधून एक लांब शाफ्ट गाडीखालून मागे जायचा आणि मागच्या छोट्या गिअरपेटीला फिरवायचा. स्टिअरिंग थोडं वळवलं, म्हणजे वेगात लेन बदलताना वळवतो तेवढं, की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने जेमतेम दीड अंश वळायची आणि गाडी स्थिर राहायची. स्टिअरिंग तसंच पुढे वळवत नेलं की मागची चाकं परत सरळ व्हायची, आणि आणखी वळवलं की उलट दिशेला पाच अंशांहून जास्त जायची, म्हणजे अरुंद जागेत गाडी चटकन फिरायची. एकाच शाफ्टवर दोन विरुद्ध कामं, आणि ती नुसत्या गिअरच्या रचनेतून! ज्याने हे योजलं त्याला आजही हात जोडावेसे वाटतात.

पाचव्या पिढीत एटीटीएस आलं. वळणावर बाहेरच्या पुढच्या चाकाला ८० टक्क्यांपर्यंत टॉर्क पाठवणारी यंत्रणा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात बाहेर सरकते, हा तिचा जन्मजात दोष. ही यंत्रणा नाक आत ओढून घ्यायची. अमेरिकेत ती फक्त महागड्या एसएच मॉडेलला आणि फक्त मॅन्युअलसोबत मिळायची.

आणि सहाव्या पिढीची खास नवी गोष्ट कोणती? एस प्लस शिफ्ट. बटण दाबलं की आठ गिअर असल्याचा भास होतो: स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की इंजिनाचा वेग चढतो-उतरतो, बारीकसा धक्का जाणवतो, स्पीकरमधून आवाज येतो. सॉफ्टवेअर म्हणून काम चोख असेल, कुणाला त्यात मजाही येईल. पण नसलेल्या वस्तूची नक्कल हीच प्रेल्यूडची नवी ओळख व्हावी, हे मला सलतं. माझं दुःख हे आहे, २०० हॉर्सपॉवर नव्हे.

चुटपुट लागते ती गाडीचा पाया उत्तम असल्यामुळे. पुढचं सस्पेन्शन थेट सिव्हिक टाइप आरचं आहे. त्यात चाक वळण्याचा अक्ष स्ट्रटपासून (चाकावरच्या स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या खांबापासून) वेगळा काढलेला असतो, त्यामुळे जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी स्टिअरिंग हातातून खेचलं जात नाही. पुढे ब्रेम्बोचे ब्रेक, चारही बाजूंना अ‍ॅडाप्टिव्ह डॅम्पर (गरजेप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर). एवढं सगळं देऊन त्यावर बसवलं काय, तर सिव्हिक हायब्रिडचं इंजिन आणि मोटारी, जवळपास जशाच्या तशा.

किंमतीचा मुद्दा दोन्ही बाजूंनी बघायला हवा. २००१ मध्ये प्रेल्यूड साडेतेवीस हजार डॉलरच्या आसपास होती. महागाई धरली तर ती आजच्या ४२ हजारांच्या जवळच पोचते. म्हणजे प्रेल्यूड महाग झाली नाही, ती पहिल्यापासून महागच होती. शेवटी तिला घरातल्याच गाडीने मारलं: त्याच शोरूममध्ये व्ही-६ इंजिनाची अ‍ॅकॉर्ड कूपे तेवढ्याच २०० हॉर्सपॉवरची, आणि मागे नीट बसता येईल अशी, उभी असायची. आज तीच जागा होंडाच्याच सिव्हिक एसआयने घेतली आहे. २०० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी यंत्रणा), चार दरवाजे, आणि किंमत सुमारे दहा-अकरा हजार डॉलरने कमी. याचं उत्तर होंडाकडे असायला हवं होतं. टोयोटाची जीआर८६ तर मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल, २२८ हॉर्सपॉवरची, आणि तीही बरीच स्वस्त.

होंडाची अडचण मला कळते. अ‍ॅकॉर्ड कूपे २०१७ ला गेली, सिव्हिक कूपे २०२० ला. दोन दारांच्या गाड्या खपत नाहीत. युरोपात प्रदूषणाच्या नियमांमुळे टाइप आरसुद्धा २०२५ मध्ये थांबवावी लागली. अशा काळात हाताशी असलेले भाग जोडूनच कूपे निघू शकते. ही निघाली, याचं मी मनापासून स्वागत करतो.

तक्रार करून काय होणार, असंही तुम्ही विचारलंय. होतं, पण तक्रार नेमकी असेल तर. टोयोटाची २०१९ ची सुप्रा फक्त ऑटोमॅटिक आली. लोकांनी मॅन्युअल हवा हा एकच धोशा लावला, आणि २०२२ मध्ये टोयोटाने तो जाहीर केला. जीआर८६ च्या आधीच्या पिढीबद्दल, म्हणजे पहिल्या ८६ बद्दल, सगळे सांगत होते की मधल्या आरपीएमला टॉर्क खचतो. पुढच्या पिढीत २.४ लिटरचं इंजिन आलं आणि तो खड्डा भरला. "होंडा संपली" या वाक्यावरून कुठला इंजिनिअर काय करणार? त्याऐवजी लिहा: हीच बॉडी, हेच सस्पेन्शन, आणि एसआय किंवा टाइप आरचं इंजिन व मॅन्युअल. या सगळ्या गाड्यांचा पाया एकच आहे, त्यामुळे ही मागणी हवेतली नाही.

आता तुम्ही घ्यावी का? रोज शहरात चालवणार असाल, पेट्रोल कमी लागावं आणि वळणावर गाडी जिवंत वाटावी असं हवं असेल, तर टेस्ट ड्राइव्ह जरूर घ्या. आधी एस प्लस बंद ठेवून चालवा, मग चालू करून, आणि मुद्दाम खराब रस्त्यावरून न्या. बंद ठेवूनही गाडी आवडली तरच पुढे जा, कारण ते नावीन्य ओसरल्यावर उरणारी गाडी तीच आहे. मागच्या सीटवर स्वतः बसून बघा; मोठ्या माणसाला तिथे लांबचा प्रवास करणं अवघड आहे. आणि क्लचशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटतच नसेल, तर सिव्हिक एसआय घ्या, ती अजून मिळतेय तोवर. जुनी प्रेल्यूड शोधायच्या विचारात असाल तर एटीटीएसवाली घेण्याआधी त्या यंत्रणेचे भाग तुमच्याकडे मिळतात का याची खात्री करून घ्या; साधी मॅन्युअल सांभाळायला कितीतरी सोपी पडेल.