शुद्धीवर आहेत, पण भानावर नाहीत

प्रश्न असा आला आहे: 'बाबांच्या मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयूतल्या सिस्टर म्हणाल्या, "शुद्धीवर आलेत, पण अजून भानावर नाहीत." शुद्ध आणि भान एकच ना? मग या वाक्याचा अर्थ काय लावायचा? आणि इंग्रजीतल्या कॉन्शसनेसला यातला नेमका शब्द कोणता?'

सिस्टर अगदी बरोबर बोलल्या. दोन्ही शब्दांना 'बे' लावून बघा. बेशुद्ध, बेभान. दोन्हीकडे फारसीतला 'बे' संस्कृत घराण्यातल्या शब्दाला चिकटलाय, आणि तो इतका मुरलाय की आता कुणाच्या लक्षातही येत नाही. पण बेशुद्ध माणूस पडून राहतो. बेभान माणूस मिरवणुकीत नाचतो, गाडी सुसाट सोडतो, नको ते बोलून बसतो. बेभान व्हायचं तर आधी शुद्धीवर असावं लागतं. निम्मं उत्तर इथेच मिळालं.

आता जरा व्युत्पत्तीकडे. 'शुद्ध तूप' मधलं शुद्ध विशेषण, आणि 'त्याची शुद्ध हरपली' मधलं शुद्ध हे स्त्रीलिंगी नाम. विभक्ती लागली की त्याच्या पोटातली 'शुद्धी' बाहेर येते: शुद्धीवर, शुद्धीत. संस्कृतात शुद्धी म्हणजे स्वच्छता, निर्दोषपणा. मग शुद्ध हरपते तेव्हा नेमकं काय मळतं? काहीच नाही. खबर, माग, पत्ता ही या शब्दाची दुसरी छटा इथे कामाला येते. हिंदीतली 'सुध' तीच. तुलसीदासांच्या रामायणात वानर निघतात ते सीतेची 'सुधि' काढायला. ज्याला स्वतःची आणि भोवतालची खबर उरली नाही त्याची शुद्ध गेली, असा धागा मला तरी पटतो.

भानाचं मूळ 'भा', म्हणजे प्रकाशणे, दिसणे. भानू, प्रभा, आभा ही सगळी त्याची भावंडं. आणि उजेड पडला की काहीतरी दिसतंच, तसं भान नेहमी कशाचं तरी असतं: वेळेचं, प्रसंगाचं, समोर कोण बसलंय याचं. म्हणून 'वेळेचं भान ठेव' असं आपण पोराला बजावतो, 'वेळेची शुद्ध ठेव' असं कुणी म्हणत नाही. नकारात मात्र शुद्धही भानाच्या जागी येऊन बसते ('कामापुढे त्याला खाण्यापिण्याची शुद्ध नसते'), आणि भांडणात 'शुद्धीत आहेस का?' असं विचारलं जातं तेव्हा समोरचा शुद्धीत असतोच, म्हणून तर ते झोंबतं.

आता आयसीयूत चला. तिथे पेशंटची शुद्ध अक्षरशः मोजतात. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या न्यूरोसर्जननी 1974 मध्ये एक मोजपट्टी दिली, ती आजही जगभर वापरात आहे. डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. समजा तुमच्या बाबांनी आपणहून डोळे उघडले: 4. 'हात उचला' म्हटल्यावर हात उचलला: 6. मग सिस्टरनी विचारलं, 'बाबा, आत्ता कुठे आहात? आज वार कोणता?' आणि बाबा म्हणाले, 'स्टँडवर. गाडी लागली का?' वाक्य धड आहे, ऐकून दिलेलं आहे, फक्त जागा चुकली आहे. याला बोलण्याचे 5 पैकी 4 गुण. एकूण 14. हा जो एक गुण कापला गेला, तेच 'भानावर नाहीत'. मोठ्या ऑपरेशननंतर, विशेषतः वय झालेल्या माणसांत, असा भ्रम बऱ्याचदा दिसतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तो काही दिवसांत ओसरतो. घरच्यांना तो भुताटकीसारखा वाटतो, ते वेगळं.

मेंदूतही या दोन गोष्टींची घरं काही अंशी वेगळी आहेत. मोरुझ्झी आणि मगून या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये मांजरांच्या ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातल्या, जाळीदार भागाला विजेचं उद्दीपन दिलं, तेव्हा वरच्या मेंदूच्या लहरी झोपेच्या न राहता जागेपणाच्या झाल्या. जागं ठेवणारी कळ अशी खाली, बुंध्यात आहे. स्थळकाळाचं भान मात्र कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर), थॅलॅमस (मेंदूच्या आतलं निरोप पुढे पोचवणारं केंद्र) आणि त्यांच्यातली देवाणघेवाण नीट चालली तरच येतं.

पण आपली जोडी इथे थोडी अपुरीही पडते. काही रुग्ण कोमातून बाहेर येतात, त्यांचे डोळे उघडतात, झोप आणि जाग यांचं चक्र सुरू होतं, तरी समज असल्याची खूण दिसत नाही. जेनेट आणि प्लम यांनी 1972 मध्ये या स्थितीला 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' असं नाव दिलं. अशा रुग्णाला कुठलाही मराठी माणूस 'शुद्धीवर आहे' म्हणणार नाही. तिथे तिसरा शब्द लागतो, आणि तो घरातच आहे: जाग. जाग आहे, शुद्ध नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशकं पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल बातम्यांत सर्रास 'कोमात' असं छापलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात चर्चा झाली ती याच दुसऱ्या स्थितीची. कोमात डोळे मिटलेले असतात, जागच नसते. बातमीदारांनी एवढा फरक पाळायला हवा होता.

आणि खूण दिसत नाही म्हणजे आत काहीच नाही, असंही ठामपणे म्हणता येत नाही. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने 2006 मध्ये अशाच एका तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, 'टेनिस खेळत्येस अशी कल्पना कर.' निरोगी माणसांच्या मेंदूत जो भाग अशा वेळी उजळतो, तोच तिच्या मेंदूत उजळला. पुढे 2010 मध्ये 54 रुग्णांची अशी तपासणी झाली, त्यांतल्या 5 जणांनी सूचनेप्रमाणे मेंदूतून प्रतिसाद दिला.

राहिला कॉन्शसनेस. इंग्रजीने एका शब्दात जाग, शुद्ध, भान सगळं कोंबलंय, म्हणून एकास एक शब्द शोधायच्या फंदात पडू नये. 'चेतना' पुष्कळजण सुचवतात, पण शाळेतल्या चेतासंस्थेने आणि चेतापेशींनी तो शब्द मज्जातंतूंकडे ओढून नेलाय. 'चैतन्य' म्हटलं की एकतर वेदान्त येतो नाहीतर लग्नघर. बौद्ध पंचस्कंधांत, म्हणजे माणूस ज्या पाच घटकांचा बनतो त्यांत, हा अर्थ 'विज्ञान' या शब्दाकडे आहे; आज तो वापरला तर वाचक प्रयोगशाळा शोधायला लागेल. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स 1995 पासून ज्याला 'अवघड प्रश्न' म्हणतात, म्हणजे पेशींच्या धडपडीतून लाल रंग 'दिसण्याचा' अनुभव मुळात का उपजतो, त्या चर्चेला मी 'जाणीव' वापरतो. तिची जोडीदारीण 'नेणीव' तयारच आहे: न आणि जाण मिळून नेण. हरिपाठात 'जाणीव नेणीव' शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यामुळे 'अनकॉन्शस'ची वाटणीही सोपी होते. फ्रॉइडचं ते नेणीव किंवा अबोध मन, अपघात विभागातलं ते बेशुद्ध.

वॉर्डात मात्र 'जाणीव' नको. 'बाबांना अजून जाणीव नाही' असं आत्याला फोनवर सांगितलंत, तर मुलांनी एवढं केलं त्याची त्यांना किंमत नाही, असाच अर्थ ती घेईल.