फार्मसीचे पहिले वर्ष आणि संध्याकाळची नोकरी

पहिल्या सेशनलचे, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेचे, गुण लागले की रामबागेतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. कधी विद्यार्थी स्वतः विचारतो, कधी त्याची आई फोन करून विचारते: बी.फार्म.चे पहिले वर्ष आणि अर्धवेळ नोकरी ही दोन्ही एकाच वेळी झेपतात का? इंदूरमध्ये हा प्रश्न पडणे साहजिक आहे. आरएनटी मार्गावरचा दवा बाजार, एम. वाय. रुग्णालयाच्या आसपासची औषधांची दुकाने आणि वस्त्यावस्त्यांतली मेडिकल स्टोअर्स यांना संध्याकाळच्या गर्दीत माणसे हवीच असतात. शिकतो त्याच क्षेत्रातले काम मिळाले तर पैसेही येतील आणि शिक्षणही होईल, असा मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा समज असतो.

विचारणाऱ्याला माझ्याकडून बहुधा एक आकडा हवा असतो. दिवसाला किती तास काम चालेल, ते सांगा. तो आकडा मी पुढे देणार आहे, पण आधी समोरचा तासांचा हिशेब तरी नीट मांडला पाहिजे. भारतीय फार्मसी परिषदेच्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या सेमिस्टरमध्ये शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, औषध विश्लेषण, फार्मास्युटिक्स आणि असेंद्रिय रसायन या चार विषयांची दर आठवड्याला प्रत्येकी चार तासांची प्रात्यक्षिके असतात, म्हणजे 16 तास नुसते प्रयोगशाळेत उभे राहण्याचे. व्याख्याने, ट्युटोरियल आणि संवादकौशल्याचे तास धरले की आठवडा 36 तासांच्या घरात जातो. बारावीला गणित घेतलेल्यांना रेमेडियल बायोलॉजी, म्हणजे जीवशास्त्राचा पाया भरून काढणारा विषय, आणखी वेगळा. हजेरी 80 टक्के लागते, आणि ती लेखी विषयांत निराळी व प्रात्यक्षिकांत निराळी मोजतात. उत्तीर्ण होण्यासाठी 50 टक्के गुण हवेत. पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाची ढिलाई तिसऱ्या वर्षाच्या दारात वसूल होते.

हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेल्या एका मुलाला हे सारे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याचे नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुदामानगरात राहणारे मराठी कुटुंब. वडील सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात, आई घरून डबे देते. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, बारावी गणित गटातून, आणि आता खंडवा रोडवरच्या महाविद्यालयात सगळी पुस्तके इंग्रजी. कॉलेज सुटले की तो थेट छावणीजवळच्या एका मेडिकल स्टोअरवर जाई आणि रात्री अकराला दुकान बंद करून घरी येई. रविवारीही दिवसभर दुकानच. पहिल्या सेशनलमध्ये तो दोन विषयांत नापास झाला होता आणि सकाळच्या लॅब बुडू लागल्या होत्या. आईच्या आग्रहामुळे तो माझ्याकडे आला. खुर्चीवर बसताच त्याने मागणी केली, "मॅडम, मला फक्त टाइमटेबल बसवून द्या. बाकी काही प्रॉब्लेम नाही."

वेळापत्रक बसवून देणे मला अवघड नव्हते. परंतु मी ज्या परंपरेत घडले ती मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांची आहे, आणि ती परंपरा माणसाच्या वागण्याकडे पाहताना 'हे कशामुळे झाले' याच्या बरोबरीने 'हे कशासाठी चालले आहे' हे विचारायला शिकवते. इतक्या वर्षांच्या कामानंतर मी खात्रीने सांगू शकते की, तासांची ओढाताण घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा खरा पेच तासांत नसतो. म्हणून मी त्याला कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावला.

कॉलेजचा भाग त्याने एका वाक्यात उरकला: "गेलो, लेक्चर झाले, लॅब झाली, सुटलो." दुकानाचा भाग मात्र संपेना. उजव्या भिंतीला वरच्या रॅकमध्ये बीपीच्या गोळ्या, त्याखाली शुगरच्या, काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये डोळ्यांचे ड्रॉप्स, हे सांगताना त्याचे हात हवेत ती जागा दाखवत होते. महिनाअखेरीस एक्सपायरीचा माल कसा वेगळा काढतात, कोणत्या डॉक्टरांचे अक्षर दुकानात फक्त दोघांना लागते, 'ब्रँड दूसरा है, साल्ट (म्हणजे औषधातला मूळ घटक) वही है' हे गिऱ्हाइकाला कसे समजवायचे, सारे त्याने मोठ्या उमेदीने सांगितले. एक वृद्ध गृहस्थ दुकानाची पायरी चढताना दिसले की हा त्यांच्या गोळ्यांची स्ट्रिप आधीच काढून ठेवतो आणि ते याला नावाने हाक मारतात, हेही त्यात आले. त्याची पाठ ताठ झाली होती आणि आवाज मोकळा झाला होता. मग मी विचारले, "लॅबमध्ये तुझी जागा कुठे असते?"

"मागे. शेवटच्या टेबलाला."

"तिथे काय करतोस?"

"पार्टनर करतो ते बघतो. रीडिंग उतरवून घेतो."

पुढच्या भेटीत आम्ही पैशांचा हिशेब काढायला बसलो आणि त्यातच गाठ सापडली. कामाला लागताना ठरले होते आठवड्याचे सहा दिवस, संध्याकाळचे चार तास. ते सहा तासांवर कसे गेले आणि रविवार त्यात कसा आला, हे मला कळत नव्हते. मी सहज विचारले, "रविवार सेठजींनी मागितला का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. टेबलावरच्या कागदाची कड तो दुमडत आणि उलगडत होता. शेवटी म्हणाला, "नाही. मीच म्हटलं, रविवारी पण येतो."

"पैसे कमी पडत होते?"

"तसं नाही. फीचा हप्ता बाबांनी भरला होता." पुन्हा थांबला. "रविवारी घरी बसलो की प्रॅक्टिकलची फाइल समोर दिसते." आणि मग, माझ्याकडे न बघता, "दुकानात मला सगळं येतं, मॅडम. कॉलेजात मला काहीच येत नाही. तिथं माझं नाव पण कुणाला माहीत नाही."

समुपदेशकाच्या कामात असे क्षण मागून मिळत नाहीत. ते आले की आपण लगेच काही बोलायचे नसते, आणि मीही बोलले नाही. त्याचे बोलणे त्यालाच ऐकू गेले होते. आळस किंवा पैशाचा मोह यांचा इथे संबंध नव्हता, आणि अभ्यासाची नावड तर नव्हतीच. बारावीपर्यंत गणिताच्या जोरावर वर्गात पुढे राहिलेला मुलगा एकाएकी अशा वर्गात येऊन पडला होता, जिथे हाडांची आणि स्नायूंची लॅटिन वळणाची नावे इतर मुले सहज उच्चारत होती आणि त्याला ती वाचतादेखील येत नव्हती. त्याच दिवसांत त्याला एक जागा सापडली जिथे लोक त्याला ओळखतात, विचारतात, त्याच्यावर विसंबतात. आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत आणि चार माणसांत आपले एक स्थान आहे, ही गरज ॲडलर यांनी मनाच्या मुळाशी मानली. ती गरज जिथे भागते तिकडे माणूस ओढला जातो आणि जिथे दुखावते तिथून दूर सरतो. हा मुलगा दर आठवड्याला कॉलेजपासून थोडा आणखी दूर सरत होता, आणि ते सरणे नोकरीच्या प्रतिष्ठित नावाखाली चालल्यामुळे घरात कुणालाही, खुद्द त्यालाही, दिसत नव्हते. मी पहिल्याच दिवशी सुबक वेळापत्रक आखून दिले असते, तर त्याने ते आठ दिवस पाळले असते आणि नवव्या दिवशी सेठजींना आणखी एक तास मागितला असता.

म्हणून मी त्याला दुकान सोडायला सांगितले नाही. त्याच्या आईला याचे आश्चर्य वाटले. मी त्याला इतकेच सांगितले की पुढच्या वेळी दुकानातून ओआरएसचे एक पाकीट विकत घेऊन ये. त्याने आणले. मागे छापलेले घटक मी त्याला मोठ्याने वाचायला लावले: सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. अशी पाकिटे त्याने कितीतरी विकली होती. मी म्हटले, "मीठ गेले म्हणून मीठ द्यायचे, हे मला समजते. पण जुलाबात साखर कशाला? मला यातले काही कळत नाही, तू शोधून सांग."

तो पुस्तक घेऊनच आला. असेंद्रिय रसायनाच्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये ओआरएस आहे, हे त्याने मला पान काढून दाखवले. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आत शिरताना सोडियमला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे त्याने माझ्या वहीत आकृती काढून समजावले. आणि पेशीच्या पडद्यातून पदार्थांची अशी ये-जा कशी चालते हे प्रकरण तो ज्या विषयाला सर्वांत घाबरत होता त्या शरीरक्रियाशास्त्रातच निघाले. इंग्रजी शब्द तो अडखळत वाचत होता, पण वाचत होता. दुकानात त्याला ब्रँड माहीत होते आणि कॉलेज त्याला साल्ट शिकवत होते, एवढीच फट होती. त्यानंतर तो दर आठवड्याला दुकानातली एक वस्तू निवडून तिचे मूळ पुस्तकात शोधू लागला. ॲन्टासिडवरून तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडपर्यंत गेला, आणि लहान मुलांच्या सिरपवरून वयानुसार मात्रा काढण्याच्या सूत्रापर्यंत. लॅबमध्ये शेवटचे टेबल सोडून पुढे उभे राहण्याची हिंमत त्याला यातूनच आली, असे मला वाटते आणि त्याचे मला समाधान आहे.

तासांचा प्रश्न मग तासाभरात सुटला. त्याच्या आईसमोर त्याने सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले. ती एवढेच म्हणाली, "आम्हाला वाटलं, याला पैशाची चटक लागली." आठवड्यातून तीन संध्याकाळी, पाच ते नऊ, असे ठरले. रविवार सुटला. सेठजींनी काही दिवस तोंड वाकडे केले, पण विश्वासू मुलगा त्यांनाही सोडायचा नव्हता. प्रात्यक्षिकांची हजेरी 80 टक्क्यांच्या जेमतेम वर निघाली. शरीररचनेत त्याला पहिल्या सेमिस्टरला बॅक लागलीच, म्हणजे तो विषय राहिलाच. ती पुढे त्याने काढली.

आता आकडा. माझ्या मते पहिल्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला 12 तास, फार तर 15, आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यातच धरायचा. एक पूर्ण दिवस मोकळा हवा, कारण प्रात्यक्षिकांच्या फाइली त्याच दिवशी पुऱ्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब असेल त्या रात्री उशिराचे काम घेऊ नये. चार तासांच्या झोपेवर ॲसिड आणि बर्नर हाताळणे धोक्याचे आहे. सेशनलच्या तारखा कळताच मालकाला सांगून ठेवाव्यात, आदल्या दिवशी सुट्टी मागू नये. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. बिल करणे, माल लावणे, एक्सपायरी तपासणे ही कामे पहिल्या वर्षाच्या मुलाने जरूर करावीत. मात्र फार्मासिस्ट जागेवर नसताना 'तू दे, तुला येतं' असे मालक म्हणू लागला, तर ते दुकान बदलावे.

कामाचे तास ठरल्यापेक्षा वाढत चालले आहेत असे दिसले, तर ते वाढवायला कुणी सांगितले हे आधी स्वतःला विचारावे. उत्तर 'मालकाने' असे असेल तर प्रश्न मालकाशी बोलण्याचा आहे, आणि 'घरच्या गरजेने' असेल तर पैशाचा. उत्तर 'मीच' असे असेल, तर कॉलेजात नेमके कुठे बोचते आहे ते शोधल्याशिवाय कोणतेही वेळापत्रक टिकणार नाही. पालकांनीही मुलाला 'नोकरी सोड' म्हणण्याआधी त्याला तिथे काय मिळते ते शांतपणे ऐकून घ्यावे.

ज्यांची गरज खरोखर पैशाची आहे त्यांना मी मनाचे विश्लेषण करत बसवत नाही. वडील आजारी पडल्यामुळे दोन ठिकाणी काम करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्यासोबत आम्ही फीचे हप्ते पाडून देण्याचा अर्ज लिहिला आणि तिला शैक्षणिक कर्जासाठी बँकेत पाठवले. शिक्षण चालू असताना, आणि सामान्यतः ते संपल्यावर आणखी एक वर्ष, या कर्जाचा हप्ता सुरू होत नाही, हे तिच्या घरी कुणालाच माहीत नव्हते. कर्ज मंजूर झाल्यावर तिने रात्रीचे काम सोडले आणि घराजवळच्या मुलांच्या शिकवण्या तेवढ्या चालू ठेवल्या.