लाइटचा भरवसा नाही, मग स्मार्ट स्विच, कॅमेरे, लॉक आणि राउटरचं फर्मवेअर अपडेट करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात वायफायचे सहा स्विच (त्यातले दोन टॅस्मोटा या मोफत, मुक्त फर्मवेअरवर, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरवर), दोन कॅमेरे, दाराला स्मार्ट लॉक आणि एक राउटर. अ‍ॅप रोज ‘अपडेट उपलब्ध’ म्हणून मागे लागतं, शेजाऱ्यांचा एक स्विच अपडेट करताना कायमचा गेला आणि तुमच्याकडे लाइट कधीही जाते. करावं की आहे तसंच चालू द्यावं?

करा. फक्त सगळं एका रविवारी उरकायला जाऊ नका. नेट मध्येच तुटलं तर सहसा काही बिघडत नाही, लाइट नेमक्या नको त्या क्षणी गेली तर बिघडतं. तो क्षण प्रत्येक यंत्रात वेगळा असतो.

4 एमबी फ्लॅशच्या (लाइट गेली तरी टिकणाऱ्या साठवणीच्या) ईएसपी32 या वायफाय चिपवर चालणाऱ्या स्विचमध्ये बहुधा फर्मवेअरचे दोन कप्पे असतात. चालू आवृत्ती एकात, नवी दुसऱ्यात उतरते. चेकसम (फाइल धड उतरली का हे सांगणारा आकडा) जुळला तरच पुढच्या वेळी कुठून सुरू व्हायचं ती खूण बदलते. इथे 60 टक्क्यांवर लाइट गेली तर जुनीच आवृत्ती उठते, पुन्हा अपडेट लावायचं, संपलं.

तुमचे टॅस्मोटावाले दोन स्विच ईएसपी8266 किंवा 8285 चिपचे आणि 1 एमबी फ्लॅशचे असतील, तर काळजी तिथे घ्या. टॅस्मोटाची पूर्ण फाइल सहाशे केबीच्या वर जाते, म्हणजे जुनी आणि नवी शेजारी-शेजारी मावत नाहीत. म्हणून आधी ‘मिनिमल’ ही छोटी आवृत्ती चढते, मग पूर्ण. उतरलेली फाइल मोकळ्या जागेत थांबते आणि रीस्टार्ट झाल्यावर बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) ती जुनीवर कॉपी करतो. काय कॉपी करायचं ही नोंद आरटीसी मेमरीत असते आणि ती मेमरी लाइट गेली की कोरी होते. म्हणजे टॅस्मोटाच्या वेब पानावर ‘यशस्वी’ असं दिसल्यानंतरचे काही सेकंद सगळ्यात नाजूक! नेमकं तेव्हाच माणूस उठतो आणि ‘बघू चालतो का’ म्हणून बोर्डावरचं बटण बंद-चालू करतो. यशस्वी दिसल्यावर दोन मिनिटं हात लावू नका. मिनिमल ही मधली पायरी आहे, तिच्यात सेटिंग बदलत बसू नका. स्विचवर फार जुनी आवृत्ती असेल तर थेट आजच्या आवृत्तीवर उडी नको. 5.14, मग 6.7.1, मग 7.2.0, मग 8.5.1, मग 9.1 आणि नंतर चालू आवृत्ती, असं चढा. त्याआधी कॉन्फिगरेशनच्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवून ठेवा.

याच दोन स्विचची आणखी एक गंमत तुमच्या भागात तापदायक ठरेल. टॅस्मोटामध्ये लाइट पटापट सहा वेळा गेली-आली आणि सातव्यांदा टिकली, तर स्विच त्याला ‘मला रीसेट करा’ असा इशारा समजतो आणि वायफायसकट सेटिंग पुसतो. पावसाळ्यात लाइट लुकलुकली की ‘अपडेटनंतर स्विच विसरला’ अशी तक्रार येते ती बऱ्याचदा यामुळे. टॅस्मोटाच्या पानावरच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायची जागा) ‘सेटऑप्शन65 1’ (SetOption65 1) दिलं की ही सोय बंद होते. मात्र मग रीसेटचा हा सोपा मार्गही जातो, म्हणून बटण हाताशी असलेल्या स्विचवरच ती बंद करा.

आता विजेची सोय. महावितरणचा देखभालीचा मेसेज आलेला दिवस आणि वळवाची दुपार टाळा. घरात इन्व्हर्टर असेल आणि स्विच त्या लाइनवर असतील, तर अपडेटपुरता इन्व्हर्टरचा इनपुट मुद्दाम बंद करून सगळं बॅटरीवर घ्या. मग मध्येच लाइट गेली-आली तरी अदलाबदलीचा झटका बसत नाही. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लाइनवर किंवा छोट्या 12 व्होल्टच्या यूपीएसवर हवा. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच यूपीएस घ्या. गिझर आपल्याकडे इन्व्हर्टरवर नसतो, त्यामुळे त्याचा स्विच सकाळी, लाइट स्थिर असताना आणि गिझर बंद ठेवून अपडेट करा. रीस्टार्टनंतर रिले (स्विचमधला वीज जोडणारा-तोडणारा भाग) कुठल्या स्थितीत यावा हेही आधी ठरवा. टॅस्मोटा मुळात मागची स्थिती परत आणतो. गिझर आणि पंपासाठी ‘पॉवरऑनस्टेट 0’ (PowerOnState 0), म्हणजे नेहमी बंद, हेच बरं.

उरलेले चार स्विच टुया (Tuya) या कंपनीच्या घराण्यातले असतील तर अ‍ॅपमध्ये ‘मेन मॉड्यूल’ आणि ‘एमसीयू मॉड्यूल’ अशी दोन वेगळी अपडेटं दिसू शकतात. पहिलं वायफायच्या चिपचं, दुसरं बटणं आणि रिले सांभाळणाऱ्या चिपचं, जे आतल्या सिरियल तारेवरून हळूहळू जातं. एक पूर्ण होऊ द्या, मगच दुसरं. एका मॉडेलचा एकच स्विच आधी करा, दोन-तीन दिवस वापरा, मग बाकीचे.

राउटरला सुरुवात डब्याखालच्या लेबलपासून. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी हार्डवेअर आवृत्ती बदलली की आतली चिपच बदललेली असते. टीपी-लिंकच्या आर्चर सी6चंच बघा: व्ही2मध्ये क्वालकॉमची चिप, व्ही3मध्ये मीडियाटेकची. फाइल भारतीय आवृत्तीच्या पानावरूनच घ्या, झिप उलगडून आतली बिन फाइल द्या, आणि हे काम लॅन केबल लावूनच करा. चुकीच्या मॉडेलचं फर्मवेअर काय करतं त्याचा नमुना ऑगस्ट 2017मध्ये अमेरिकेत दिसला. लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलचं फर्मवेअर दुसऱ्या मॉडेलच्या लॉकवर पाठवलं आणि सुमारे 500 दारांची लॉक निकामी झाली. राउटर नेट कंपनीने दिलेला असेल तर त्याचं फर्मवेअर बहुतेक वेळा कंपनीच दुरून बदलते, तुम्ही पासवर्ड तेवढा बदला.

राउटर अपडेट झाल्यावर ‘स्विच ऑफलाइन’ दिसले तर स्विचला दोष देऊ नका. 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय चालू आहे का आणि सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए3वर (वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर) गेली नाही ना, हे बघा. जुने स्विच डब्ल्यूपीए3 ओळखत नाहीत. 2.4वर डब्ल्यूपीए2 ठेवलं की बहुतेक गोष्टी जागेवर येतात.

कॅमेऱ्यात फारसं काही नाही. सोबत आलेलाच अ‍ॅडॅप्टर लावा, मोबाइलचा जुना चार्जर नको. फ्लॅश लिहिताना व्होल्टेज बसलं तर कॅमेरा रीस्टार्टच होत राहतो. कार्डावरून करायचं असल्यास कार्ड फॅट32मध्ये फॉरमॅट करा आणि फाइलचं नाव कंपनीने सांगितलं तेच ठेवा.

लॉक सगळ्यात शेवटी. चारही सेल नवे अल्कलाइन घाला, अ‍ॅप 50 टक्के दाखवत असलं तरीही. रिचार्जेबल सेल नकोत, त्यांचं व्होल्टेज मुळातच कमी असतं. दार उघडं ठेवा, किल्ली खिशात, फोन लॉकपासून हातभर अंतरावर आणि स्क्रीन चालू. ब्लूटूथवरचं अपडेट फोन झोपला की तुटतं. झाल्यावर दार उघडं असतानाच बोल्ट तीन-चार वेळा आत-बाहेर करून बघा.

आणि तरीही एखादा स्विच गप्प पडलाच, तर आधी 20 मिनिटं तसाच राहू द्या. मग एमसीबी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, नंतर बटण दाबून रीसेट. टॅस्मोटाचा स्विच तेवढ्यानेही उठला नाही तर सिरियल अ‍ॅडॅप्टरने (लॅपटॉपच्या यूएसबीतून चिपशी बोलणाऱ्या छोट्या जोडणीने) पुन्हा फर्मवेअर भरता येतं: 3.3 व्होल्टच (5 दिलं तर चिप जाऊ शकते), एकाच्या टीएक्सला (पाठवणारी पिन) दुसऱ्याचा आरएक्स (घेणारी पिन), आणि चालू करताना चिपची जीपीआयओ0 ही पिन ग्राउंडला. हे करताना स्विच भिंतीतून पूर्ण काढून टेबलावर हवा. त्याला 230 व्होल्टची एकही तार जोडलेली असताना सिरियल तार लावाल तर लॅपटॉपसोबत तुम्हालाही झटका बसेल. हे हात तयार नसतील तर असा स्विच दुरुस्तीवाल्याकडे द्या.