बॉल नसताना बघा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मालिका, एप्रिलमध्ये सुरू होतात नि जूनमध्ये संपतात, म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या पेट्या भरायला लागल्यापासून ते पहिल्या पावसापर्यंत. मॅच तिकडे रात्री, इकडे कोकणात पहाटे-सकाळी. निम्मी मंडळी बागेत जायच्या आधी दोन क्वार्टर बघून घेतात आणि उरलेल्या दोन क्वार्टरचं भांडण माझ्याकडे पाठवतात. या खेपेला बहुतेक पत्रं रसेल वेस्टब्रूक या गार्डवर आहेत. नवख्यांसाठी : गार्ड म्हणजे बॉल पुढे नेणारा, सेंटर म्हणजे बास्केटखालचा उंच गडी. हुकलेला शॉट धरला की रिबाउंड, ज्या पासवर दुसऱ्याचा शॉट लागतो तो असिस्ट, बॉल समोरच्या संघाला घालवला की टर्नओव्हर. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट असे तीन रकाने एकाच मॅचला दहा किंवा वर गेले की ट्रिपल-डबल. शाळेत पीटी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा भांडणं सोडवायची सवय आहे. शिट्टी तेवढी आता नाही.

प्रश्न : सर, आमच्या घरात वेस्टब्रूकवरून दोन तट पडले आहेत. माझा मेहुणा म्हणतो, असा गार्ड झाला नाही, चार-चार सीझन ट्रिपल-डबलची सरासरी म्हणजे चेष्टा आहे का? मी म्हणतो, हा नुसता आकड्यांचा खेळ. आपल्याच सेंटरच्या हातातले रिबाउंड ओरबाडतो, लांबून शॉट नाही, टर्नओव्हर ढीगभर. त्यावर मेहुणा म्हणतो, “भावजींका खेळातला काय कळता?” बायकोही भावाच्याच बाजूने. काय तो निकाल द्या.
— एक वाचक, दांडी, मालवण

उत्तर : आधी मेहुण्याचं ऐकू, कारण तुम्हाला जेवायचं त्याच घरात आहे.

2016 च्या उन्हाळ्यात वेस्टब्रूकच्या ओक्लाहोमा सिटीने गोल्डन स्टेटविरुद्ध 3-1 अशी आघाडी घेतली आणि मालिका 4-3 ने घालवली. त्यातल्या सहाव्या मॅचला गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनचे तीन पॉइंटचे 11 शॉट लागले, तेही ओक्लाहोमाच्याच कोर्टवर. पुढे जुलैत ओक्लाहोमाचाच केव्हिन ड्युरांट उठला आणि थेट त्याच गोल्डन स्टेटला जाऊन मिळाला. मागे उरला वेस्टब्रूक. 6 फूट 3 इंचांच्या या गार्डने पुढच्या सीझनला मॅचमागे 31.6 पॉइंट, 10.7 रिबाउंड आणि 10.4 असिस्ट काढले. ट्रिपल-डबल एकूण 42. ऑस्कर रॉबर्टसनने 1961-62 मध्ये अशी सीझनभराची सरासरी काढली होती, मधल्या पन्नासहून जास्त वर्षांत दुसऱ्या कुणाला जमली नव्हती. बेचाळिसावं ट्रिपल-डबल डेन्व्हरविरुद्ध, 9 एप्रिल 2017 ला. त्यात 50 पॉइंट, आणि शेवटचा शॉट कोर्टच्या अर्ध्या रेषेपासून थोडंसंच पुढून, बझर वाजता वाजता. ओक्लाहोमा 106-105 ने जिंकली आणि डेन्व्हरची प्लेऑफची आशा तिथेच संपली. हे बघून जो उभा राहिला नाही, त्याला बास्केटबॉल दाखवू नये.

आता तुमचा ‘ओरबाडण्या’चा मुद्दा. स्टीव्हन अ‍ॅडम्स हा ओक्लाहोमाचा जवळजवळ सात फुटी सेंटर. तो समोरच्या धिप्पाड गड्याला पाठ लावून अडवून धरायचा आणि बॉल वेस्टब्रूकसाठी सोडून द्यायचा. वेस्टब्रूकचे बहुतांश रिबाउंड असे होते, की आसपास कोणी झडप घालायला नव्हतंच. म्हणून लोक चोरी म्हणतात. पण त्यामागचा डाव बघा. सेंटरने बॉल घेतला तर तो वळणार, गार्ड शोधणार, मग पास देणार. तेवढ्यात समोरचे तिघे परत जाऊन उभे राहतात. गार्डनेच बॉल घेतला तर पहिल्याच पावलाला ब्रेक, म्हणजे समोरचे परतायच्या आतला झटपट हल्ला, सुरू होतो, आणि वेस्टब्रूक त्या वेगाने सुटला की त्याला अडवायला समोरून येणारा माणूस फाउलच करणार. तेव्हा रिबाउंडवरून त्याला बोल लावू नका. तो अ‍ॅडम्सचा नि कोचचा संगनमताने केलेला व्यवहार होता, आणि चांगला होता.

त्या सीझनला त्याने ट्रिपल-डबल केलेल्या मॅचेसमध्ये संघ 33 जिंकला, 9 हरला. बाकीच्या 40 मॅचेसमध्ये 14 जिंकला, 26 हरला. मेहुणा हा आकडा तुमच्या तोंडावर फेकणार हे नक्की, म्हणून उत्तर तयार ठेवा. असिस्ट मिळतो तो दुसऱ्याचा शॉट लागल्यावर. ज्या दिवशी सगळ्यांचे शॉट लागतात, त्या दिवशी संघही जिंकतो आणि पास देणाऱ्याचे असिस्टही दहाच्या वर जातात. म्हणजे ट्रिपल-डबलमुळे जिंकले की जिंकण्याच्या दिवशी ट्रिपल-डबल झालं, हे त्या आकड्यातून सुटत नाही. थोडं हे, थोडं ते.

टर्नओव्हर त्या वर्षी मॅचमागे 5.4. जास्तच आहेत. पण बॉल एवढा वेळ ज्याच्या हातात असतो त्याच्याच हातून तो जाणार, यावर मी फार वेळ घालवत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुमच्या पत्रातही नाही नि मेहुण्याच्याही बोलण्यात नसणार. पुढची मॅच लावाल तेव्हा पाच मिनिटं बॉलकडे बघूच नका. वेस्टब्रूकने पास दिल्यावर तो काय करतो, एवढंच बघा. उमेदीच्या वर्षांत तो बहुतेक वेळा उभा राहायचा. कमरेवर हात, तीन पॉइंटच्या रेषेबाहेर. त्याचा तिथून हिशेब करिअरभर 30 टक्क्यांच्या आसपास, एनबीएत सर्वसाधारण पस्तिसाच्या वर असतो. मग त्याला राखणारा माणूस कशाला चिकटून उभा राहील? तो सरळ मागे सरकतो आणि बास्केटखाली गर्दी करतो. म्हणजे शॉट हुकतो वेस्टब्रूकचा, पण वाट बंद होते दुसऱ्याची. हा तोटा त्याच्या नावापुढच्या कुठल्याच रकान्यात चढत नाही.

लेकर्सचं 2021-22 आठवा. लेब्रॉन जेम्सलाही बॉल हातात हवा, यालाही हवा. एका होडीवर दोन तांडेल. 33 मॅच जिंकल्या, 49 हरल्या, प्लेऑफला मुकले. शिव्या मात्र एकट्या वेस्टब्रूकने खाल्ल्या. संघ जुळवणाऱ्यांना हे आधी दिसायला हवं होतं, कारण दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनने त्याला कसा वापरायचा ते करून दाखवलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी आपला सेंटर क्लिंट कपेलाच दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि 6 फूट 5 इंचांच्या पी. जे. टकरला मधे उभा केला. बास्केटखाली कोणी उरलंच नाही, चौघे शूटर बाहेर पसरले, मधला रस्ता वेस्टब्रूकला मोकळा. त्या सीझनला त्याचे 47 टक्के शॉट लागले, मॅचमागे 27 च्या वर पॉइंट. माणूस तोच. आसपासचे चार बदलले. प्लेऑफमध्ये मात्र लेकर्सनी त्याला बाहेर मोकळा सोडला नि मालिका 4-1 ने उरकली, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर मेहुण्याला सामील आहेत.

डेन्व्हरला 2024-25 मध्ये तो निकोला योकिचबरोबर खेळला, तेव्हा वयाच्या छत्तिशीत तो मागच्या बाजूने बास्केटकडे कट मारायला लागला. योकिचसारखा पास देणारा असला की बॉल आपोआप हातात येतो. जी गोष्ट पंचविशीत करायला हवी होती ती आता केली. बघताना बरं वाटलं, रागही आला.

आणि त्याच सीझनची मिनेसोटाविरुद्धची मॅच, आपल्याकडची 2 एप्रिल 2025 ची सकाळ. योकिचचे 61 पॉइंट, दोन जादा वेळा झालेल्या, डेन्व्हर एका पॉइंटने पुढे, काही सेकंद उरलेले. डेन्व्हरला बॉल मिळाला, ब्रेक सुटला, वेस्टब्रूकच्या हातात सोपा लेअप, पळत येऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट. हुकला. उलट धावत जाऊन त्याने तीन पॉइंटचा शॉट मारणाऱ्यावर फाउल केला, समोरच्याचे फाउलच्या भरपाईचे दोन फ्री थ्रो लागले, 140-139, मॅच गेली. तुमचा नि मेहुण्याचा सगळा वाद त्या काही सेकंदांत आहे. तो ब्रेक इतका मनापासून दुसरा कुणी पळाला नसता, आणि लेअप हुकल्यावर दुसऱ्या कुणीही तो फाउल केला नसता.

निकाल मागितलात, तर घ्या. 2017 चा एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याचाच होता, त्यात मेहुण्याला पूर्ण गुण. पण अजिंक्यपदासाठी संघ बांधायचा आणि त्यात तो मुख्य हवा, असं कोणी म्हणालं तर मी नको म्हणेन. पुरावा हवा तर त्याच 2017 च्या प्लेऑफमधली ह्यूस्टनविरुद्धची दुसरी मॅच. 51 पॉइंट, ट्रिपल-डबल, आणि शेवटच्या क्वार्टरला 18 पैकी 4 शॉट. संघ हरला. त्या वेळी बाकीचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांना तशी सवय कोणी लावली ते तुम्हाला कळलंच असेल.

बायकोला नमस्कार सांगा.

प्रश्न : वेस्टब्रूक की स्टीफन करी? एका वाक्यात उत्तर द्या, लांबण लावू नका.
— एक वाचक, देवगड

उत्तर : करी.

तुम्ही एक वाक्य म्हणालात, पण दुसरं मी लिहिणारच. गोल्डन स्टेटच्या या गार्डचे 2015-16 मध्ये तीन पॉइंटचे 402 शॉट लागले हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्याचं पास दिल्यानंतरचं पळणं जास्त आवडतं. पास देतो नि स्क्रीनच्या, म्हणजे सोबत्याने वाटेत उभं राहून धरलेल्या आडोशाच्या, आडून सुटतो, त्याच्यामागे दोघे धावतात, आणि तिसऱ्याच कुणाला बास्केटखाली फुकटचे दोन मिळतात. कमकुवत बाजूही आहे. 2016 च्या फायनलला क्लीव्हलँडने स्क्रीन लावून-लावून मुद्दाम त्यालाच राखणीला ओढलं. सातव्या मॅचचा निर्णायक शॉट कायरी अर्व्हिंगने त्याच्याच डोक्यावरून मारला. तरीही करीच.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे, आकड्यांचा नाद जुनाच. वेस्टब्रूकचे फ्री थ्रो 2016-17 मध्ये 84.5 टक्के, पुढच्या वर्षी 73.7, त्याच्या पुढच्या वर्षी 65.6. फ्री थ्रोला समोर कोणी अडवायला नसतं, अंतर बदलत नाही, रिंग बदलत नाही. मग एवढी घसरण कशी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे आकडे बरोबर आहेत. बँकवाल्याकडून तीच अपेक्षा.

त्याची एक सवय होती. पहिला फ्री थ्रो झाला की तो रेषेवरून निघून अर्ध्या कोर्टपर्यंत मागे चालत जायचा, श्वास सोडायचा, परत यायचा आणि मग दुसरा टाकायचा. 2017-18 पासून एनबीएने खेळ लवकर चालावा म्हणून दोन फ्री थ्रोंच्या मधे तीन पॉइंटच्या रेषेपलीकडे जायला मनाई केली. वर्षानुवर्षांची ती फेरी एका नियमाने बंद झाली. सगळी घसरण त्यामुळेच असं मी म्हणणार नाही, वय, दुखापती, थकलेले पाय हेही असतंच. पण फ्री थ्रो हा हातापेक्षा श्वासाचा शॉट आहे. ज्याचा सगळा खेळ उसळीवर चालतो, त्याला रेषेवर शांत उभं राहायला वेळ लागतो. मधे काही वेळ मिळाला तर जमतं. मी मुलांना फ्री थ्रो नेहमी कोर्टला दोन चकरा मारायला लावून मगच टाकायला सांगत असे. दमलेले नसताना टाकलेल्या फ्री थ्रोचा हिशेब मी धरतच नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या टीममध्ये गार्ड खेळते. उंची पाच फूट. सगळ्यांत जोरात मी पळते, पण शॉट लागत नाही. सर सांगतात, “तू पास दे आणि बाजूला हो.” पावसाळ्यात आमच्या कोर्टवर शेवाळ धरतं, म्हणून प्रॅक्टिस बंदच असते. मी वेस्टब्रूकची फॅन आहे. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : फॅन अवश्य राहा गो, पण वरची उत्तरं वाच आणि तो जे करत नव्हता ते तू कर. सर पास दे म्हणाले ना, दे. बाजूला मात्र उभी राहू नको. पास दिलास की ज्या बाजूला तुला राखणारी मुलगी बघत नाहीये, त्या बाजूने बास्केटकडे सूट. ती बॉलकडे मान वळवते तोच तुझा क्षण. दहा वेळा पळालीस तर आठ वेळा बॉल मिळणार नाही. नवव्यांदा मिळेल, आणि सर पुढच्या मॅचला काही बोलणार नाहीत.

शॉटचं म्हणशील तर आधी बॉल बघ. मुलींचा बॉल 6 नंबरचा असतो. पुष्कळ शाळांत 7 नंबरचा एकच बॉल मुलगे-मुली सगळ्यांना, आणि मग बारीक मनगटाच्या पोरी दोन्ही हातांनी छातीवरून बॉल ढकलतात. ती सवय पुढे सुटत नाही. क्रीडा विभागाच्या सरांकडे 6 नंबरचा बॉल मागून घे, एकटीने नको, सगळ्या टीमने मिळून मागा.

पावसात घरीच कर. पडवीवर ड्रिबल, फक्त डाव्या हाताने, नजर समोरच्या माडावर. दुपारी नको, आजी झोपलेली असते. चिऱ्याच्या भिंतीवर खडूने खूण करून मीटरभरावरून एका हाताने शॉट, दुसरा हात नुसता आधाराला. लांबून मारायची घाई करू नको, अंतर मनगटाच्या ताकदीने आपसूक वाढतं. शेवाळाला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं की जातं, पण आठ दिवसांत परत येतं, तेव्हा ओल्या कोर्टवर पळू नको. घोटा गेला की सीझन गेला.

उघडीप मिळाली की डाव्या हाताचे लेअप कर. गणपतीनंतर मला लिही, दहातले किती लागतात ते.