अर्ध्या किमतीचं चाक आणि त्यामागून येणारा खर्च

प्रश्न : माझ्या रोड सायकलला शिमानो कंपनीचे ८ गिअरचे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके) आहेत आणि ते उत्तम चालतात. ओळखीत एक मागचं चाक अर्ध्या किमतीत मिळतंय, पण त्यावर १० गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) आहे. जुन्याच शिफ्टरवर ती चालवून घेऊ, की आणीबाणीच्या निधीतून नवे शिफ्टर घेऊ?

उत्तर : चाक सरळ असेल आणि तुमच्या फ्रेममध्ये बसत असेल तर जरूर घ्या. निधीला मात्र हात लावू नका. आणि ती कॅसेट 'चालवून घेण्याचा' विचारही सोडा.

तुमचा शिफ्टर एका क्लिकला साधारण २.८ मिमी केबल ओढतो. त्याच्या जोडीचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग, हे अंतर जवळपास १.७ पट करतो, म्हणजे साखळी सुमारे ४.८ मिमी सरकते. ८ च्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर नेमकं तेवढंच असतं. १० च्या कॅसेटमध्ये ते ३.९५ मिमी आहे. दर क्लिकला पाऊण मिलिमीटरहून जास्त चूक साठत जाते. दोन-तीन क्लिकमध्ये साखळी दोन चकत्यांच्या मधोमध येते आणि पाचव्या क्लिकला अख्खी एक चकती हुकलेली असते. ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवून सुरुवातीची जागा बदलेल, दर क्लिकला सरकण्याचं माप बदलणार नाही. चढावर उभं राहून पेडल मारताना साखळी उडाली तर दुखापत तुम्हालाच होणार आहे.

आता नवे शिफ्टर घ्यायचे म्हटलं तर त्यांच्याबरोबर १० ची अरुंद साखळी, नव्या केबल आणि बसवण्याची मजुरी आलीच. हे सगळं कागदावर मांडा आणि बेरीज चाकावर वाचणाऱ्या रकमेशेजारी ठेवा. बहुतेक वेळा बचत तिथेच संपते. मला यात खटकतं ते असं की कॅसेट आणि साखळी झिजणाऱ्या वस्तू आहेत, शिफ्टर वर्षानुवर्षं टिकतात. फुकट आलेल्या झिजत्या वस्तूपायी चांगली चालणारी टिकाऊ वस्तू बाद करायची, तीही अडीअडचणीच्या पैशातून, हा व्यवहार मला पटत नाही.

स्वस्त वाट तुमच्याच सायकलवर आहे. शिमानोच्या ८, ९ आणि १० च्या कॅसेट सहसा एकाच फ्रीहबवर (चाकाच्या मधल्या, कॅसेट चढवायच्या भागावर) बसतात. तेव्हा सध्याच्या चाकावरची कॅसेट काढून नव्या चाकावर चढवा. १० च्या कॅसेटमागे १ मिमीचा वॉशर निघाला तर तो ८ च्या मागे लावू नका. काही जुने फ्रीहब मात्र फक्त १० चीच कॅसेट घेतात, म्हणून पैसे देण्याआधी तुमची कॅसेट त्यावर चढवून बघा. काढलेली १० ची कॅसेट फारशी झिजलेली नसेल तर विकून टाका.

पुढे कधी शिफ्टरच निकामी झाले, तर तेव्हा ९ किंवा १० वर जायला हरकत नाही. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवायला आत्तापासून सुरुवात करा. त्या वेळी एक नीट तपासा : शिमानोच्याच टियाग्रा ४७०० या शिफ्टरवर १० गिअर लिहिलेले असले तरी त्याची केबल ओढण्याची पद्धत ११ गिअरवाल्यांची आहे. तो शिफ्टर तुमच्या आत्ताच्या डिरेलरशी जुळणार नाही, त्यामुळे तोच घ्यायचा असेल तर नव्या डिरेलरचे पैसेही त्या बेरजेत धरा.