पावसाळ्याआधी काय केलं म्हणजे घराच्या पायात पाणी मुरणार नाही?

आधी छतावरचं पाणी पायापासून लांब काढा. भिंतींचं वॉटरप्रूफिंग त्यानंतर. पन्हळीतला पालापाचोळा साफ करा, खाली उतरणाऱ्या पाइपचं तोंड भिंतीपासून 5-6 फूट लांब न्या आणि घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या 10 फुटांत किमान 6 इंच बाहेरच्या बाजूला उतार द्या. विटांच्या बारीक छिद्रांतून जमिनीतली ओल दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी वर चढते. जोत्याच्या पातळीवरचा ओलरोधक थर ती अडवतो खरा, पण भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला आणि माती त्या थराच्या वर गेली, की ओल थराला बगल देऊन थेट भिंतीत शिरते. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही! माती त्या थराच्या 6 इंच तरी खाली हवी. जमीन चिकणमातीची असेल तर जास्तच जपा, कारण ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि त्या हालचालीने पाया हलून भिंतींना तिरक्या भेगा जातात. मात्र ओल ऐन उन्हाळ्यातही वाळत नसेल, तर दोष पावसाचा नसून बहुधा नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपमधल्या गळतीचा असतो. अशा वेळी रंगकाम करण्याआधी प्लंबरकडून पाइप तपासून घ्या.