सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वाईनद्राक्षे: फळछाटणीपूर्वी आलेल्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

फळछाटणी (घड येण्यासाठीची ऑक्टोबर छाटणी) तोंडावर आली असताना पुणे जिल्ह्यातील वाईनद्राक्ष बागायतदारांकडून तीन प्रश्न आले आहेत. नारायणगाव परिसरातील एका बागायतदारांनी लिहिले आहे की, वायनरी सेंद्रिय मालाला जादा दर देण्यास तयार आहे आणि जवळच्या कृषी सेवा केंद्राने केवड्यासाठी (पानांवर आणि घडांवर येणारा बुरशीजन्य रोग) ‘सेंद्रिय किट’ दिले आहे, तर त्याची पहिली फवारणी छाटणीनंतर कितव्या दिवशी घ्यावी. इंदापूर तालुक्यातील एका ताईंच्या शेनिन ब्लँक या वाईनच्या वाणाच्या बागेत गेल्या हंगामात भुरी (पांढऱ्या भुकटीसारखा बुरशीजन्य रोग) आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) आटोक्यात आले नाहीत. त्यांना जैविक औषधांचे वाढीव प्रमाण हवे आहे. पुरंदरमधील एका तरुण शेतकऱ्याने बायोडायनॅमिक पद्धतीतील शिंगखताबद्दल (गाईच्या शिंगात शेण भरून केलेले खत) विचारले आहे. उत्तरे एकत्र देत आहे, कारण तिन्ही ठिकाणी औषधाचा विचार आधी आणि बागेचा विचार नंतर झाला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, ते किट फवारू नये. डब्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक नाही, घटकांची नावे नाहीत, जिवाणूंची संख्या नाही, आणि ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ एवढे मात्र मोठ्या अक्षरांत छापले आहे. असे छापल्याने माल प्रमाणित होत नाही. केवड्यावर हमखास परिणाम दाखवणाऱ्या अशा अनेक बाटल्यांत फॉस्फोनेट असते. ते पोटॅशयुक्त खत किंवा पीकपोषक म्हणून विकले जाते, केवडा थांबवते हेही खरे, परंतु सेंद्रिय प्रमाणीकरणात ते चालत नाही आणि त्याचा अंश मण्यांत आणि पुढे वाईनमध्ये राहतो. काही तथाकथित जैविक उत्पादनांत तर सरळ रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असते. फवारणीनंतर दोन दिवसांत किडी पटापट गळून पडल्या की दुकानदार म्हणतो, बघा, सेंद्रियात किती ताकद आहे. बुरशीवर आधारित कीटकनाशक दोन दिवसांत असे काम करत नाही. एवढा वेग दिसला तर शंका घ्यावी.

2010 मध्ये आपल्या खाण्याच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट म्हणजेच लिहोसीनचा अंश सापडल्याने युरोपात माल अडकला होता, हे जुन्या निर्यातदार बागायतदारांना आठवत असेल. खरडछाटणीनंतर (उन्हाळ्यातील छाटणी) वाढ रोखण्यासाठी वापरलेले ते संजीवक काढणीपर्यंत वेलीत टिकले होते. सेंद्रिय बागेत लिहोसीन नाही, डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग नाही आणि जीएही (मणी फुगवणारे जिबरेलिक आम्ल) नाही. वाईनद्राक्षाला जीए मुळातच लागत नाही. वाईनला लहान मणी आणि जाड साल हवी असते, कारण रंग आणि स्वाद सालीत असतो. मणी फुगवून देण्याची भाषा करणारा विक्रेता खाण्याच्या द्राक्षाचा सल्ला वाईनच्या बागेत देत आहे, हे ओळखावे.

आता मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाबद्दल, कारण सर्वांत मोठी चूक येथेच होते. बोर्डो सेंद्रियात चालते म्हणजे कितीही चालते, असा समज करून दिला गेला आहे. हिशोब साधा आहे. मोरचुदात तांबे सुमारे 25 टक्के असते. एकरी 400 लिटर पाण्यातून 1 टक्का बोर्डो फवारले की 4 किलो मोरचूद आणि त्यातून 1 किलो शुद्ध तांबे बागेत जाते. युरोपीय नियमांत तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला हेक्टरी 4 किलो, म्हणजेच एकरी सुमारे 1.6 किलो आहे. पूर्ण तीव्रतेच्या दोन फवारण्यांत ही सरासरी ओलांडली जाते, आणि आपल्याकडे विक्रेते एका हंगामात सहा-सात फवारण्यांचे वेळापत्रक हातात देतात. तांबे जमिनीतून निघून जात नाही. ते वरच्या थरात साठत राहते आणि गांडुळे व उपयुक्त बुरशी यांची हानी करते. म्हणजे ज्या जमिनीसाठी आपण सेंद्रियाकडे वळलो तिलाच आपण मारतो.

म्हणून 1 टक्का बोर्डो फक्त छाटणीनंतर लगेच, खोड आणि ओलांड्यांवर (तारेवर पसरलेल्या आडव्या फांद्या), पाने नसताना घ्यावे. कोवळ्या फुटीवर तीव्रता 0.5 टक्क्याच्या वर नेऊ नये, फवारा पाने भिजतील एवढाच ठेवावा आणि पावसाचा किंवा दाट दवाचा अंदाज असेल तरच घ्यावा. मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी खिळा किंवा घासलेले विळ्याचे पाते क्षणभर बुडवून बाहेर काढावे. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत थर येणे थांबेपर्यंत पुन्हा पाहावे. हे न करता फवारल्याने फुटीची टोके करपलेल्या बागा मी अनेक पाहिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी ‘करपा आला’ म्हणून पुन्हा बोर्डोच मारले गेले होते. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. त्यात दुसरे काहीही मिसळू नये. ट्रायकोडर्मा तर मुळीच नको, कारण तांबे बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे. दोन्हींत किमान आठवड्याचे अंतर ठेवावे. एकाच टाकीत दोन्ही घालण्याचा सल्ला देणाऱ्या दुकानात पुन्हा जाऊ नये.

वाईनच्या दृष्टीने आणखी एक बाब आहे. मण्यांवर उरलेले तांबे सोविनॉन ब्लँक या वाणाचा खास सुगंध देणाऱ्या घटकांना बांधून टाकते, आणि अतिरेक झाला तर किण्वनही मंदावते. मण्यांत पाणी उतरू लागल्यानंतर बोर्डो पूर्ण बंद करावे.

केवडा रोखण्याचा माझा आग्रहाचा उपाय कोणत्याही बाटलीत मिळत नाही. तो म्हणजे मोकळी कॅनॉपी (वेलीचा पानोरा) आणि उशिराची छाटणी. परतीचा पाऊस चालू असताना छाटणी घेतली की चार-पाच पानांची कोवळी फूट नेमकी ओल्या दिवसांत सापडते. पुणे जिल्ह्यात साधारण 10 ऑक्टोबरनंतर, आकाश निवळल्याची खात्री करूनच छाटणी घ्यावी. सेंद्रिय बागेने बाजाराच्या घाईत सप्टेंबरची छाटणी घेऊ नये. फूट निघाल्यावर वांझ काड्या लवकर काढाव्यात आणि ओलांड्यावर दोन काड्यांत चार बोटांचे अंतर ठेवावे. मणी बसल्यानंतर घडाजवळची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढावीत, म्हणजे दव लवकर सुकते. मावळतीच्या बाजूची पाने मात्र ठेवावीत, नाहीतर फेब्रुवारीच्या दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. सकाळी बागेत फिरताना पान उजेडासमोर धरावे. वरून तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव दिसली तर तेवढी पाने पिशवीत घालून बागेबाहेर न्यावीत, ओळीत टाकू नयेत. या कामाला मजूर लागतात आणि खर्च होतो हे मला ठाऊक आहे. पण दाट कॅनॉपीत औषध घडापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे त्या औषधावर केलेला खर्चही वाया जातो.

इंदापूरच्या ताईंनी प्रमाण वाढवू नये. भुरीसाठी पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर पुरेसे आहे. 4 ग्रॅम घेतल्याने भुरी दुप्पट मरत नाही, कोवळी पाने मात्र भाजतात, आणि तापमान 35 अंशांच्या जवळ गेलेल्या दुपारी फवारले तर शिफारशीतल्या मात्रेनेही भाजतात. तेलयुक्त फवारणीच्या आधी-नंतर पंधरवडाभर गंधक घेऊ नये. काढणीपूर्वी किमान महिनाभर गंधक बंद करावे, कारण मण्यांवर उरलेल्या गंधकामुळे किण्वनात सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वायनरी ती टाकी नाकारते. त्या वेळी भुरीसाठी अँपेलोमायसिस किंवा बॅसिलस सबटिलिस या उपयुक्त सूक्ष्मजीवांचा आधार घ्यावा. ही औषधे रोग दिसण्याच्या आधी अथवा अगदी सुरुवातीला, सायंकाळी फवारावीत.

मिलीबगसाठी व्हर्टिसिलियम या उपयुक्त बुरशीची फवारणी मार्चच्या कोरड्या उन्हात घेतली गेली होती, हे ताईंच्या पत्रावरून दिसते. ती बुरशी आर्द्रतेवर जगते. ती पावसाळ्यात, खरडछाटणीनंतरच्या काळात खोडावर घ्यायची असते. सुटलेली साल हाताने काढून जाळावी, मुंग्यांची वारुळे मोडावीत आणि त्यानंतर मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे एकरी सुमारे 2000 सोडावेत. मुंग्या असतील तर त्या भुंगेऱ्यांना मिलीबगजवळ जाऊ देत नाहीत आणि पैसे फुकट जातात.

खतांबाबत एवढेच सांगतो की, दर आठवड्याला जीवामृत आणि वर भरघोस कोंबडीखत हा सल्ला वाईनद्राक्षाला मारक आहे. जादा नत्राने काडी माजते, सावली वाढते, भुरी येते आणि रस पातळ होतो. त्यातच डॉगरिजसारखा जोमदार खुंट (ज्यावर कलम केलेले असते तो मूळ वेल) असेल तर पालाश जास्त उचलला जाऊन रसाचा सामू (पीएच) वाढतो; नवीन लागवडीसाठी 110 आर या खुंटाचा विचार मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने करावा. व्यापारी पोल्ट्रीचे खत आणि साखर कारखान्याची मळी प्रमाणीकरण संस्थेला लेखी विचारल्याशिवाय बागेत आणू नये. ओळींमध्ये पावसाळ्यात ताग किंवा चवळी घेऊन फुलोऱ्यात दाबावी आणि वरून उसाचे पाचट अंथरावे; इंदापूर-बारामती भागात ते हाताशी आहे.

बायोडायनॅमिक पद्धतीचा पाया रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 मध्ये कोबरविट्झ येथे दिलेल्या व्याख्यानांत आहे; तिचे प्रमाणीकरण डिमीटर या नावाने होते. फ्रान्समध्ये ल्वार खोऱ्यातील निकोला जोली यांच्यासारखे नामवंत उत्पादक ही पद्धत पाळतात, आणि तेही आपल्या ओळखीच्या शेनिन ब्लँकवरच. शिंगखत म्हणजे 500 क्रमांकाची निविष्ठा. दुभत्या गाईचे ताजे शेण गाईच्या शिंगात भरून आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. चांगले झालेले खत काळसर आणि मातीचा वास असलेले असते. शेणाचा वास उरला असेल तर ते झालेले नाही. एकरी 25 ते 30 ग्रॅम खत सुमारे 13 ते 15 लिटर पाण्यात तासभर एकदा सुलट, एकदा उलट असे ढवळून सायंकाळी ओल्या जमिनीवर मोठ्या थेंबांनी शिंपडावे. 501 म्हणजे शिंगातील गारगोटीची पूड. ती एकरी 1 ग्रॅम, सूर्योदयाच्या वेळी पानांवर घेतात. कोवळ्या फुटीवर किंवा पाण्याच्या ताणात ती घेऊ नये.

पुरंदरच्या शेतकऱ्याला विक्रेत्याने एकरी 1 किलो शिंगखताचा भाव सांगितला आहे. ही शुद्ध फसवणूक आहे. ही निविष्ठा ग्रॅममध्ये वापरायची आणि शेतावरच करायची असते. माझे मतही स्पष्ट सांगतो. जर्मनीतील गायझेनहाइम येथे 2006 पासून चाललेल्या प्रयोगात सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वेलींच्या वाढीत व उत्पादनात मोठा फरक आढळला नाही. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत मात्र दोन्हींत जोम आणि उत्पादन कमी होते. शिवाय त्यांची वेल थंडीत झोपते, आपली वर्षभर हिरवी राहते आणि दोनदा छाटली जाते. शिंगखत केवडा थांबवत नाही. चंद्राची तिथी गाठण्यासाठी फवारणी चार दिवस पुढे ढकलली आणि मधल्या पावसात घड गेले, असे होऊ देऊ नये. ज्यांना श्रद्धेने ही पद्धत करायची आहे त्यांनी ती चांगल्या सेंद्रिय बागेवर करावी, सेंद्रिय बागेऐवजी करू नये.

वायनरीशी करार करताना एक फरक समजून घ्यावा. सेंद्रिय द्राक्षांची वाईन म्हणजे सल्फाइटविरहित वाईन नव्हे. युरोपात 2012 च्या हंगामापासून सेंद्रिय वाईनसाठी स्वतंत्र नियम आहेत, आणि त्यांत कोरड्या लाल वाईनला लिटरमागे 100 मिलिग्रॅम व पांढरीला 150 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. खराब घड वेचून काढलेला माल दिला तर वायनरीला ते कमी लागते, म्हणून वेचणीची मजुरी कोण देणार हे करारात लिहून घ्यावे.

एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणीकरणात बहुवर्षीय पिकाला रूपांतराचा काळ काढणीपूर्वी 36 महिन्यांचा आहे. पहिल्याच वर्षी सेंद्रिय दराचे आश्वासन देणाऱ्यावर विसंबू नये. परंपरागत कृषी विकास योजनेत गटाला तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपये असून त्यांपैकी 15,000 रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात. गटनोंदणी आणि चालू वर्षाचे निकष तालुका कृषी कार्यालयात पाहावेत. शेजारी ऊस असेल तर 2,4-डी तणनाशकाच्या फवारणीचा दिवस शेजाऱ्याकडून आधी विचारून घ्यावा आणि बांधावर शेवरीची दाट ओळ लावावी, कारण द्राक्षवेल या तणनाशकाला अतिशय संवेदनशील आहे आणि वाऱ्याने आलेला अंशही प्रमाणपत्र घालवतो.

ज्यांनी किट आधीच घेतले आहे त्यांनी सील न फोडता ते पक्क्या बिलासह परत करावे. दुकानदाराने नकार दिल्यास बिलाची प्रत जोडून तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो डबा बागेबाहेर, फवारणीच्या सामानापासून वेगळा ठेवावा.